पाचवी सम

गेल्या महिन्यात एका मैफलीत वीज गेली. घडलं ते एवढंच. तीनेकशे माणसांचं जुनं सभागृह, कुरकुरणाऱ्या लाकडी खुर्च्या, मध्यंतर नुकतंच झालेलं. गायिका बागेश्री राग गात होत्या, विलंबित एकतालात. बढत, म्हणजे एकेक स्वर घेत वर जाणं, मध्यमावरून धैवतावर, धैवतावरून कोमल निषादावर आली होती आणि आता तार षड्ज लागणार हे सगळ्या सभागृहाला कळलं होतं. माणसं नकळत खुर्चीत पुढे सरकली होती. बाई निषादावर थांबल्या, आणि खट्कन सगळं गेलं. दिवे गेले, पंखे गेले, माइक गेला, शेजारी मंद सुरू असलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा गेला. "अरे", "लाइट गेले", "जनरेटर नाहीये का?" असा एक बारीकसा गलका उठला. कुणीतरी मोबाइलचा टॉर्च लावला, मागून कुणीतरी दबक्या आवाजात "बंद करा ना" म्हणालं, आणि तो विझला. मग लक्षात आलं की गाणं थांबलेलंच नाही.

मला वाटलं, आता बाई आवाज चढवतील, शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला तो चढवावाच लागेल. त्यांनी उलटंच केलं. हातातोंडाशी आलेला तार षड्ज सोडून दिला, निषादावरून अलगद धैवतावर उतरल्या आणि आवाज आणखी लहान करून तिथेच बसल्या. तबलजींनी बोटं हलकी केली, डग्गा नुसता घुमत राहिला. पंखे बंद पडल्यावर कळलं की इतका वेळ आपण केवढ्या घरघरीत बसलो होतो. आणि त्या घरघरीखालून, स्पीकरखालून, इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याखालून बाईंच्या मागचे दोन खरे तंबोरे वर आले. दोन मुली ते छेडत होत्या, हे मी तासभर डोळ्यांनी पाहत होते, पण ते ऐकू आले आत्ता. कुणी खोकत नव्हतं. खुर्चीसुद्धा कुरकुरत नव्हती. अंधारात समोरच्या माणसाचं डोकं दिसत नव्हतं, पण सम, म्हणजे ताल जिथून पुन्हा सुरू होतो ती पहिली मात्रा, आली की सगळ्यांचा श्वास एकदम सुटायचा, तो मात्र स्पष्ट कळायचा.

एकताल बारा मात्रांचा. त्या लयीत एक मात्रा चारेक सेकंदांची, म्हणजे एक आवर्तन, तालाचा एक फेरा, पाऊण मिनिटाहून थोडं जास्त. अंधार चार मिनिटांच्या आसपास होता. मी नंतर बोटांवर मोजलं, तेवढ्या वेळात पाच समा आल्या असणार. चार आम्ही ऐकल्या. पाचव्या आवर्तनाच्या शेवटी बाई मुखड्याकडे, समेवर नेणाऱ्या बंदिशीच्या ओळीकडे, वळल्या, आणि नेमके तेव्हाच दिवे आले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सम त्या टाळ्यांखाली गेली.

टाळ्या विजेसाठी होत्या.

मीही वाजवल्या. तळहात एकमेकांवर आपटल्यानंतर मला कळलं की मी काय करतेय, आणि तोवर उशीर झाला होता. बाई हसल्या, हात जोडले, माइक चालू आहे ना ते बोटाने ठोकून पाहिलं आणि मुखडा पुन्हा घेतला. पुढे तासभर त्या सुंदर गायल्या. पण घरी परतताना माझ्या डोक्यात ती न ऐकलेली सम होती, अजूनही आहे. मी मनाची समजूत घालून पाहिली. अंधारात गायलेल्या चार मिनिटांना दाद म्हणूनही टाळ्या असतील की. काही जणांच्या असतीलही. माझ्या नव्हत्या. प्रकाश आल्याबरोबर आपोआप उडालेले ते हात होते.

खरं तर टाळी ही आपल्या बैठकीतली जुनी गोष्ट नाही. बैठकीत दाद तोंडाने जायची, "वा" म्हणून, "क्या बात है" म्हणून, किंवा नुसती "आहा" म्हणून, जी बहुतेक वेळा तोंडातून निघते आहे हे निघणाऱ्यालाही कळत नाही. हात उठायचा तो समेवर, हवेतच, आणि तो आवाज करायचा नाही. दाद आणि गाणं एका श्वासात चालायचं, कारण दाद देणारा लयीत असायचा. टाळी सभागृहाबरोबर आली, तिकिटाबरोबर आली. मोठ्या समुदायाला दुसरं करता तरी काय येणार? पाच हजार माणसांनी एकेकटी "आहा" म्हटलं तर व्यासपीठावर पोचणार कसं? टाळीवर माझा राग नाही. तिला लय नसते एवढंच मला दुखतं. ती मध्येच कुठेही येते आणि जिथे येते तिथलं झाकून टाकते.

१ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या मदतीसाठी जो जलसा झाला, त्यातला तो प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. पंडित रविशंकर सतार आणि उस्ताद अली अकबर खाँ सरोद जुळवत होते, साथीला उस्ताद अल्लारखाँ. मिनिटभर वाद्यं जुळवून झाली आणि हजारोंच्या त्या समुदायाने जोरदार टाळ्या वाजवल्या. जुळवणं तुम्हाला इतकं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचं काहीतरी रविशंकर म्हणाले, आणि वाजवायला बसले. हा प्रसंग आपण अनेकदा त्या प्रेक्षकांच्या अज्ञानाची गोष्ट म्हणून सांगतो. मीही सांगितला आहे. आता सांगवत नाही. त्या लोकांनी निदान सुरांना टाळ्या वाजवल्या होत्या. नीट जुळणाऱ्या तारा ऐकून त्यांना काहीतरी झालं होतं. मी तर महावितरणला टाळ्या देऊन आले.

बाबा मला पहिल्यांदा सवाई गंधर्व महोत्सवाला घेऊन गेले तेव्हा मी शाळेत होते. रमणबागेचं मैदान, अंगावर शाल, त्यावर आईने बळेच दिलेलं पांघरूण, थर्मासमधला चहा. आम्ही पार मागे, सतरंजीवर. मला रागातलं काही कळत नव्हतं, पण एक गोष्ट दिसली होती. तबलजीचा हात आधी पडायचा आणि थाप नंतर ऐकू यायची. बाबांना विचारलं तर ते हळूच कानात म्हणाले की आवाज सेकंदाला तीनशे चाळीसेक मीटरच चालतो, आपण लांब बसलोय, म्हणून आपल्याला गाणं थोडं शिळं मिळतं. मग मी रात्रभर एक खेळ खेळले. सम आली की पुढच्या रांगांतल्या माना आधी हलतात, मग मधल्या, मग आमच्या, अशी ती सम मैदानावरून वाऱ्यासारखी चालत येते, असं मला दिसायचं. खरं तर तो सेकंदाचा एखादा लहानसा तुकडा, डोळ्यांना दिसण्यासारखं त्यात काही नसणार. पण मला दिसायचं. अजूनही मोठ्या मैदानात बसले की समेच्या वेळी मी व्यासपीठाकडे न बघता माणसांच्या मानांकडे बघते.

कधीतरी मी झोपले. जाग आली ती पहाटे, गवतावरच्या दवाने सतरंजीची कड ओली झाली होती, आणि व्यासपीठावर पंडित भीमसेन जोशी होते. आपल्या गुरूंच्या स्मृतीसाठी १९५३ साली सुरू केलेल्या या महोत्सवाची सांगता तेच करायचे. मला त्या गाण्यातलं काही आठवत नाही, फक्त एवढं आठवतं की उजाडणं आणि गाणं वेगवेगळं वाटत नव्हतं. शेवटी सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावली. रात्रभर जिवंत गळे ऐकलेली हजारो माणसं एका खरखरत्या तबकडीसमोर उभी. गुरू १९५२ लाच गेलेले, शिष्य समोर बसलेला, आणि शेवटचा शब्द गुरूचा. जुन्या ७८ च्या तबकडीच्या एका बाजूवर साडेतीन मिनिटांच्या आसपास मावायचं. आमच्या सभागृहातला अंधार जवळपास तेवढाच होता.

तशी रात्र आता होत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंतची सवलत मिळते, म्हणून महोत्सवातल्या शनिवारी मध्यरात्र गाठता येते, तेवढीच. हॉस्पिटलच्या खिडकीखाली गणपतीची मिरवणूक रात्री दोनला ऐकलेली माणूस आहे मी, आतल्या खाटेवर बाबाच होते, त्यामुळे तो नियम कशासाठी आहे हे मला कुणी समजावून सांगायला नको. पण त्या नियमात आपलं काय गेलं हेही कुणीतरी म्हणायला हवं. दरबारी, मालकंस, अडाणा हे मोठ्या मैफलीत त्यांच्या वेळेला ऐकणं दुर्मीळ झालं. दिवाळी पहाट आहे, सकाळच्या बैठका आहेत, पण रात्र जागून, शरीर थकून, डोळे चुरचुरत असताना जो ललित कानावर यायचा, तो आठ तास झोपून, आंघोळ करून ऐकलेल्या ललितासारखा नसतो. थकलेलं शरीर विरोध करत नाही. सूर थेट आत जातो.

माइकच्या आधीच्या दिवसांबद्दल आजी सांगायची. तिने लहानपणी संगीत नाटकं पाहिली होती, माइक नसलेली. पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा, म्हणून गाणारे वरच्या पट्टीत गायचे. पुढे माइक आला, पट्ट्या खाली आल्या, आवाजातले बारकावे, कुजबुजीसारखे स्वरही मागच्या माणसाला मिळू लागले. माइकने आपल्याला खूप दिलं आहे. भीमसेनजींचा खर्ज मैदानाच्या टोकाला माझ्या पांघरुणात पोचला तो माइकमुळेच. पण आजी एक गोष्ट नेहमी सांगायची, "तेव्हा आम्हीच गप्प बसायचो गं, नाहीतर ऐकू कसं येणार?" तिच्या लेखी नाटकातली शांतता हे प्रेक्षकांचं काम होतं, पडदा ओढणाऱ्याचं असतं तसं. वन्समोअर द्यायचा तेव्हा मात्र थिएटर डोक्यावर घ्यायचे, हेही ती तितक्याच अभिमानाने सांगायची.

किशोरीताई आमोणकर शांततेसाठी किती आग्रही होत्या हे त्यांच्या मैफलीला गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यांच्या रागावण्याचे किस्से लोक अजून रंगवून सांगतात, आणि सांगताना बहुतेकदा बाजू प्रेक्षकांची घेतात. स्वरमंडळ, गाताना स्वतः छेडायचं ते तारांचं वाद्य, जुळवायला त्या लागेल तेवढा वेळ घ्यायच्या, आणि घड्याळाकडे पाहणाऱ्यांची चुळबुळ सुरू व्हायची. मी त्यांना समोर बसून एकदाच ऐकलं. त्या दिवशी मीही चुळबुळले, कबूल करते, शेवटची बस चुकेल म्हणून. त्या एप्रिल २०१७ मध्ये गेल्या. आता वाटतं की सभागृह जुळेपर्यंत त्या स्वरमंडळ जुळवत असाव्यात. तीनशे माणसं रस्त्यावरून, घरातल्या भांडणातून, ऑफिसातून तडक येऊन बसलेली असतात. तीही उतरलेलीच असतात की सुरातून.

अंधारातल्या त्या मिनिटांत मी नेमकं काय ऐकलं ते सांगायला मला मिरजेत जावं लागेल. काही वर्षांपूर्वी एका मैत्रिणीचा तंबोरा दुरुस्तीला नेताना मी तिच्यासोबत तिथल्या सतारमेकर गल्लीत गेले होते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला त्या दुकानाचा वास आठवला, लाकडाचा भुसा, लाख आणि वाळलेले भोपळे. कारागीर वयस्कर होते. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, मांडीवर घेऊन तिच्या पाठीवर बारीक कानस फिरवायचे, चार घासण्या, की पुन्हा तार चढवून छेडायचे, मान हलवायचे, पुन्हा उतरवायचे. दुपार अशीच गेली. जवारी म्हणजे तार आणि घोडीची पाठ यांचं ते इतकं निसरडं, इतकं बारीक टेकणं, की घासणी एक जास्त झाली तरी तार मुकी होते. शेवटी त्यांनी तारेखाली सुताचा दोरा सरकवला. केसभर पुढे, केसभर मागे. आणि एका जागी तो बद्द आवाज फुलासारखा उघडला. माझ्या तोंडातून ती "आहा" निघाली. ते हसले नाहीत, फक्त म्हणाले, "ताई, तारेकडे नका लक्ष देऊ. तारेच्या वरती काय तरंगतंय ते ऐका."

मग त्यांनी खर्जाची तार छेडली आणि मला थांबायला सांगितलं. बराच वेळ मला काहीच कळलं नाही. मग कळलं. षड्जाच्या वर, कुणी न छेडलेला, बारीक गांधार उभा होता. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. मग त्यांनी पहिली तार पंचमावरून मध्यमावर उतरवली आणि म्हणाले, आता बघा, मध्यमालाही त्याचा गांधार असतो, तो कुठे पडतो? मैत्रीण गाणं शिकणारी, ती क्षणात म्हणाली, "धैवतावर."

बागेश्रीसाठी तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात लावतात. त्या रात्री बाईंचे दोन्ही तंबोरे तसेच लावलेले होते. निषादावर असताना माइक गेला, कानातलं सगळं बाहेरचं ओसरलं, आणि मागच्या दोन तारांमधून धैवत वर आला असणार. मला तो ऐकू आला ते बाई त्यावर उतरल्यानंतर. त्यांना आधी आला. तार षड्जाची एवढी तयारी झालेली असताना तो सोडून त्या तिथे का गेल्या, आवाज लहान का केला, हे मला दुसऱ्या आवर्तनात उमगलं आणि अंगावर काटा आला. तंबोरा जो स्वर आपणहून गात होता त्याच्या बाजूला त्यांनी आपला स्वर ठेवला होता, त्याच्याहून मोठा होऊ न देता. मग कुठला गळ्यातला आणि कुठला तारेतला हे वेगळं काढता येईना. मी आयुष्यात पुष्कळ गाणं ऐकलंय, त्यातलं बरंच विसरले. हे विसरणार नाही.

आठवड्याने आयोजकांनी त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण सभासदांना पाठवलं. मी कानात हेडफोन घालून थेट त्या जागी गेले. निषाद येतो, लांबतो, आणि एक टक् असा आवाज होतो. लगेच टाळ्या. मुद्रणाचं यंत्रही त्याच विजेवर चालत होतं. चार मिनिटं तिथे नाहीतच. ज्याने फक्त हे मुद्रण ऐकलं त्याला वाटेल की निषाद इतका सुंदर लागला की सभागृहाला राहवलं नाही. मी ते चार-पाच वेळा ऐकलं. टक्, आणि टाळ्या. त्या गर्दीत माझे हात कुठे आहेत ते शोधता येत नाही.

परवा एका घरगुती बैठकीत त्या दोघींपैकी एक मुलगी तंबोऱ्यावर होती. एकोणीस-वीस वर्षांची असेल. बैठक संपल्यावर लोक उठून चपला शोधू लागले, ती कोपऱ्यात तारा उतरवत बसली होती. मी जाऊन ओळख सांगितली, आणि वीज गेली त्या रात्री मी तिथे होते म्हटलं. तिचा चेहरा उजळला. "ताई घरी जाताना गाडीत एक शब्द बोलल्या नाहीत," ती म्हणाली, "आम्हाला वाटलं रागावल्यात." मग मी तिला विचारलं ते विचारायचं मी ठरवलं नव्हतं. म्हटलं, शेवटची सम गेली ना गं टाळ्यांमध्ये?

ती गोंधळली. "गेली कुठे? आली की. मी मागेच होते ना."

"कशी होती?"

तिने तंबोरा आडवा घेतला, दांडीवरून मऊ फडकं फिरवलं. थोडा वेळ विचार केला. "हळू," ती म्हणाली. "टाळ्या चालू होत्या तरी ताईंनी मुखडा पुरा केला. अगदी हळू, स्वतःशी बोलल्यासारखा. मग सरांनी धा वाजवला, तोही तेवढाच. मग त्या वर बघून हसल्या." आणि मग तिने गवसणी उघडली, तंबोरा भोपळ्याकडून आत सरकवला, आणि दोरी बांधायला तिला तिसरा हात हवा होता म्हणून मी ती धरून उभी राहिले.